पाच वेळा लिहून आण

आमच्या घरात 'फेड अप' हा शब्द दिवसातून निदान चार वेळा निघतो. सून ऑफिसातून येते, पर्स सोफ्यावर टाकते नि म्हणते, "फेड अप झाले मी." मुलगा पार्किंगवरून फेड अप असतो. सोसायटीच्या मीटिंगला तिसऱ्या मजल्यावरचे काका उभे राहतात तेच मुळी फेड अप होऊन. टँकरचं पाणी, लिफ्ट, कबुतरं. कामोठ्यात राहायचं तर कशाला ना कशाला फेड अप असायलाच हवं, नाहीतर तुम्ही कालच राहायला आलात असं लोक समजतात.

हा शब्द कुणी काढला की मी दाराकडे बघते. नात लहान असताना विचारायची, "आजी, कोण आलंय?" कुणी आलेलं नसायचं. पण मला दारात एक मुलगी उभी असल्यासारखी वाटते. केस जाळीच्या टोपीत कोंबलेले, छातीशी वही धरलेली, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. आत यायची तिला परवानगी नाही आणि मी 'ये' म्हणत नाही.

भूत म्हणावं, तर ती मेली असं मला कुणी सांगितलं नव्हतं.

ती कोण हे सांगायचं तर आधी माझी त्या काळातली ओळख करून द्यावी लागेल, आणि ती ओळख द्यायला मला मनापासून मजा येते. चोवीस वर्षांची होते. लग्न होऊन देशावरून वाशीच्या एका सेक्टरात आलेली. बी.ए., इंग्रजी घेऊन. डोळ्यांना नंबर नव्हता, पण टायपिस्ट बाईला चष्मा शोभतो असं माझं ठाम मत असल्यामुळे साध्या काचेचा चष्मा करून घेतला होता. जवळ फुटपाथवर घेतलेलं एक जाडजूड पुस्तक होतं, इंग्रजी शब्द कुठे कसे वापरावेत, काय चूक, काय बरोबर, असं सांगणारं. इतर नव्या नवऱ्या उशाला देवाचा फोटो ठेवत असतील, मी ते पुस्तक ठेवलं होतं. आणि लाल पेन्सिल. साखरपुड्यानंतर होणाऱ्या नवऱ्यानं मला हौसेनं इंग्रजीत पत्र पाठवलं होतं. ते मी अकरा चुका दुरुस्त करून परत पाठवलं. त्यांनी तरीही लग्न केलं. पुढे आयुष्यात कधी एक ओळ लिहिली नाही, हा भाग वेगळा.

वाशीजवळच्या पावणे गावात एका छोट्या कारखान्यात मला टायपिस्टची नोकरी लागली. इंजेक्शनच्या बाटल्यांना रबरी बुचं असतात ना, ती तिथे बनायची. सगळीकडे तापलेल्या रबराचा वास. केसांत, पोळीभाजीच्या डब्यात, घरी गेल्यावर उशीत. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि एक पंखा. पंखा फक्त ऑफिसात. पलीकडे पॅकिंगमध्ये बाया बुचं निवडायच्या आणि त्यांनी ऑफिसच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही असा नियम होता. कुणी केला होता देव जाणे. पाळायचे मात्र सगळे.

ती पॅकिंगमध्ये होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. खाडीकाठच्या गावातली. त्यांची शेती कारखान्यांसाठी गेली, तेव्हा घरातल्या एकाला नोकरी मिळाली होती. भाऊ धाकटा, म्हणून ही लागली. दहावीपर्यंत शिकलेली. पहिल्याच आठवड्यात ती दारात आली, एक पाय आत, एक बाहेर.

"मॅडम, मना इंग्लिश शिकाचा हाय."

"कशाला?"

"मना त्या पंख्याखाली बसाचा हाय," ती म्हणाली आणि दुसऱ्या रिकाम्या टेबलाकडे बोट दाखवून हसली.

मी खूश झाले. तिला म्हटलं, "मॅडम नाही म्हणायचं. टीचर म्हणायचं." बघा म्हणजे.

उंबऱ्याच्या नियमामुळे आमची शाळा वहीतून चालायची. सोमवारी मी तिला एक शब्दप्रयोग लिहून द्यायची, त्यावर तिनं स्वतःच्या मनाची पाच वाक्यं करायची, जेवणाच्या सुट्टीत वही माझ्या टेबलाच्या कडेला ठेवायची. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत न्यायची. तोंडी बोलणं जवळजवळ नाहीच. मी गुण देत असे, दहापैकी. सहाच्या वर कधी दिले नाहीत, सवय बिघडते म्हणून. चुकलेलं पाच वेळा लिहून आणायचं, हाही माझाच नियम.

मुलगी हुशार होती. वर्षभरात मालाचं चलन वाचायला लागली, पत्ते लिहायला लागली. साहेबांनी डिस्पॅचसाठी एक क्लार्क घ्यायचं ठरवलं आणि ते दुसरं टेबल झटकून पुसून ठेवलं, तेव्हा ती बस स्टॉपवर मला गाठून म्हणाली, "टीचर, घरी माझ्या लग्नाचा चाललाय. बापूस बोलतो, हापिसात खुर्चीवर लागलीस तर वरीसभर थांबतो. तुमी सायबाला एक शब्द टाका ना."

"टाकेन. पण आधी तुझं इंग्लिश पक्कं होऊ दे. मग मीच सांगेन."

"पक्का म्हंजे किती?"

"मला कळेल ते," मी चष्मा वर करत म्हटलं.

पुढच्या सोमवारी मी तिला 'फेड अप' दिला. माझ्या पुस्तकात त्यावर अर्धं पान होतं. शब्द बोलीतला. अर्थ वैतागलेला, नको झालेला. मैत्रिणीच्या पत्रात चालेल, अर्जात चालणार नाही. आणि त्याच्यापुढे 'विथ' घालावा, लोक 'ऑफ' घालतात ती चूक. मला असल्या जागा फार आवडायच्या. जिथे दहातले नऊ जण घसरतात तिथे आपण ऐटीत उभं राहायचं.

बुधवारी तिची वही आली. ती पाच वाक्यं मला आजही पाठ आहेत.

'आय अ‍ॅम फेड अप ऑफ रबर स्मेल.'

'माय फादर इज फेड अप ऑफ मी.'

'वन मॅन फ्रॉम जासई केम टू सी मी, ही हॅज टू चिल्ड्रन, आय अ‍ॅम फेड अप ऑफ क्राइंग.'

'माय मदर इज नॉट फेड अप, शी इज ओन्ली सायलेंट.'

'टीचर प्लीज टेल सर बिफोर संडे, आफ्टर संडे आय विल बी फेड अप फॉर होल लाइफ.'

मी काय केलं? तीन 'ऑफ'ना गोल केले. चौथ्या वाक्यावर बरोबरची खूण केली. पाचव्यात 'होल'च्या आधी 'माय' राहिला होता, तो छोटा बाण काढून वर लिहिला. खाली शेरा मारला की कल्पनाशक्ती चांगली आहे, 'ऑफ' नाही 'विथ', हा शब्द साहेबांना लिहिताना वापरू नये, पाच वेळा लिहून आण. सहा गुण.

मला कळलंच नाही, असं मी पुढे चाळीस वर्षं स्वतःला सांगत आले. ते अर्धं खरं आहे. पाचव्या वाक्याशी माझी पेन्सिल थांबली होती. चांगली थांबली होती, आठवतंय मला. पंखा गरगरत होता, पान फडफडत होतं, मी ते अंगठ्यानं दाबून धरलं होतं. मग मला तो राहिलेला 'माय' दिसला आणि मी सुटले. चूक सापडली की वाक्याचं बाकी काही करावं लागत नाही.

गुरुवारी साहेबांनी आपणहून विचारलं. "डिस्पॅचला बाहेरून माणूस घेऊ, की ती पॅकिंगमधली मुलगी जमवेल? तुमच्याकडे शिकते ना ती?"

"अजून कच्ची आहे सर," मी म्हटलं. "दोन-तीन महिने तरी."

साहेब बरं म्हणाले. त्यांना काय, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला.

शुक्रवारी वही आली. पाचही वाक्यं पाच-पाच वेळा. एकही खाडाखोड नाही, एकही 'ऑफ' नाही, प्रत्येक 'माय' जागच्या जागी. अक्षर तर छापल्यासारखं. वर्षभरात पहिल्यांदा मी दहापैकी दहा दिले आणि मनात म्हटलं, अजून दोन महिने असंच चाललं तर सांगायला हरकत नाही. वही टेबलाच्या कडेला ठेवली. शनिवारी ती न्यायला आली नाही. सोमवारी कामावरच आली नाही. सुपरवायझर बाई म्हणाल्या, "तिचं जमलं. जासईला दिली. महिनाभरात बार उडवतायत."

मला आधी राग आला. सांगून जायची पद्धत असते, वही राहिली ना माझ्याकडे.

मग हळूहळू ती दारात यायला लागली. आधी ऑफिसच्या. डिस्पॅचवर आलेला नवा माणूस 'ऑफ' म्हणायचा, तेव्हा. मग मी नोकरी सोडली, तर वाशीच्या घराच्या दारात. कुणी फेड अप म्हणालं की पुढचा शब्द ऐकायला माझे कान टवकारायचे आणि तेवढ्यात ती असायची. मी जागा बदलली की ती जाईल अशी एक आशा होती. आम्ही कामोठ्याला आलो तेव्हा तीही आली. सातवा मजला, लिफ्ट बंद, तरी आली. गंमत म्हणजे मी म्हातारी होत गेले, नवरा गेला, केस गेले, चष्म्याला खरा नंबर लागला. ती एकोणीसचीच. वही तेवढी मी जपून ठेवली होती, साड्यांच्या खाली. उघडत नव्हते.

ती उघडली नातीनं. गेल्या वर्षी कपाट रंगवायला काढलं तेव्हा तिच्या हाती लागली. नात कॉलेजात आहे, माझ्यासारखीच आगाऊ. पलंगावर मांडी घालून ती वाचत बसली आणि हसायला लागली. "आजी, हे लाल तुझं? किती खडूस होतीस गं तू!"

"होतीस काय? आहे."

"पण हे 'ऑफ' कशाला कापलंयस? आता चालतं हे. सगळे म्हणतात." तिनं फोनवर बघितलं. "हे बघ. लिहिताना 'विथ' जास्त बरं. पण 'ऑफ' काही अगदी चूक नाही राहिलं."

मी म्हटलं, "हं."

तिनं पानं उलटली, परत पहिल्या पाच वाक्यांवर आली. आता हसत नव्हती. "आजी, हिनं मदत मागितलीय."

"हो."

"मग तू काय केलंस?"

"दहापैकी दहा दिले."

"आजी!" ती एवढ्या जोरात ओरडली की स्वयंपाकघरातून सून धावत आली. नातीनं तिला बाहेर घालवलं, दार लावलं आणि मला सगळं सांगायला लावलं. साहेबांनी विचारलेलंही. ते मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. ऐकून झाल्यावर ती एकच गोष्ट म्हणाली. "ती असेल ना अजून? जासई काय लांब आहे?"

लांब नव्हतंच. चाळीस वर्षं नव्हतं.

रविवारी सकाळी तिनं टॅक्सी बोलावली. उलव्याच्या पुढे कंटेनरचे ट्रेलर एकामागे एक लागलेले, मध्येच आमची टॅक्सी एवढीशी. मी तीनदा म्हटलं, "मला मळमळतंय, मागे फिरू या." नात म्हणाली, "खिडकीतून ओक, पण जायचं." गावात देवळाजवळच्या दुकानात आम्ही विचारलं. पावण्याकडची, इतक्या वर्षांपूर्वी सून म्हणून आलेली, दोन मुलं असलेल्या घरात दिलेली. दुकानदार म्हणाला, "म्हातारी ना? ती काय समोर, जवला निवडतेय."

ओट्यावर एक जाडशी बाई पाय पसरून बसली होती. पुढ्यात सुपात बारीक सुका जवळा. केस पांढरे. मला खरं सांगायचं तर जरा फसवल्यासारखंच झालं. मी दारातल्या पोरीशी बोलायची तयारी करून गेले होते. मी माझं नाव सांगितलं, तिला ओळख लागेना. मग नात मागून म्हणाली, "टीचर."

सुपातला हात थांबला. "तू ती?" ती म्हणाली. पूर्वी मला 'तुमी' म्हणायची. 'तू' ऐकून बरं वाटलं. "तुजा चश्मा कसा जाड झाला गो!"

"तेव्हाचा खोटा होता."

"ते आमाला म्हाईत होता. पॅकिंगमदी सगल्या हसाच्या."

तिनं आम्हाला बसायला सांगितलं, सुनेला हाक मारून चहा टाकायला लावला. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. त्याची दोन मुलं, तिची दोन, सगळी मार्गी लागलेली. खाली दोन खोल्या ट्रेलरवाल्यांना दिल्या होत्या. मी विचारलं, "नवरा कसा होता?"

"वंगाल नव्हता. मारला नाय कदी. बोलाचाच नाय. इतकी वरसा एका मानसाबरोबर बोलल्याबगर काडून बग." ती जवळा निवडत राहिली. "माजी सासू पन नाय बोलाची. पोरा शिकली, ती इंग्लिशमदी बोलाला लागली. मी ऐकाची. समजाचा मना सगला. त्याना म्हाईत नव्हता."

मी घरून वाक्य तयार करून नेलं होतं. मराठीत. माफीचं. ते तोंडातून निघेना, त्यात काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. शेवटी मी फक्त म्हटलं, "तू वहीत लिहिलं होतंस. साहेबांना सांगायला. मी पाच वेळा लिहून आण म्हटलं."

"आनला की लिवून."

"हो."

"मना वाटला, टीचर सायबाला दाखवनार, म्हनून सवच्छ मागते." ती हे अगदी सहज म्हणाली. "पहाटं उठून लिवला. लिंबान हात धुतलं आदी, पानाला रबराचा वास नको म्हनून. मग शुकरवारी, शनवारी हापिसची घंटी वाजली की मी टोपी काडून केस नीट कराची. मना बोलावतील म्हनून."

नात माझ्याकडे बघत नव्हती. रस्त्यावरून ट्रेलर गेला आणि सगळा ओटा हलला.

दहापैकी दहाची मी मनात केवढी पूजा केली होती. वाटायचं, निदान शेवटी तरी शाबासकी दिली पोरीला. तो अभ्यास नव्हताच. साहेबांसाठी केलेली स्वच्छ प्रत होती, आणि ती माझ्या साड्यांखाली राहिली.

चहा आला. तिनं बशीत ओतून मला दिला. मग माझ्याकडे नीट बघत विचारलं, "एक सांग. तू बोलली असतीस, तर सायेबान घेतला असता मना?"

इथे खोटं बोलणं किती सोपं होतं, सांगू? साहेब म्हणाले असते बाहेरचा माणूस हवा. दहावीवर कोण घेतं. तुझ्या बापानं तरीही लग्न लावलंच असतं. तीन-तीन उत्तरं जिभेवर तयार होती, आणि व्याकरणानं तिन्ही शुद्ध. तिलाही त्यातलं एखादं चाललं असतं, असं मला वाटतं. एवढ्या वर्षांनी माणूस सोपं उत्तर मागायलाच विचारतो कधी कधी.

"घेतलं असतं," मी म्हटलं. "त्यांनी स्वतः विचारलं होतं मला. गुरुवारी. मी म्हटलं, कच्ची आहे."

तिनं सूप उचललं, झटकलं, परत खाली ठेवलं. मला वाटलं आता आत निघून जाईल. किंवा तो जवळा माझ्या तोंडावर फेकेल. फेकायला हवा होता. मग म्हणाली, "कच्ची?"

"हो."

"मी?"

"नव्हतीस."

ती रडली नाही. मी रडायला लागले तर म्हणाली, "तू नको रडूस. तुजा काय गेला?" निघताना मी वही पुढे केली, तिनं घेतली नाही. दारापर्यंतही आली नाही. आम्ही पायऱ्या उतरलो तेव्हा ओट्यावरून तिचा आवाज आला. "परत येशील तर बुदवारची ये. दुपारची. पोरा कामाला असतान, सून शालेत शिकवाला जाते. घरान कोनी नसतंय. मना बोलाचा हाय."

"काय?"

"सगला. तू गप बसून ऐकाचा."

तर दर बुधवारी मी जासईला जाते. घरात सांगितलंय की मैत्रिणीकडे जाते. नातीशिवाय कुणाला खरं माहीत नाही. ती बोलते, मी ऐकते. मध्ये बोलले की ती हातानं थांबवते, मी डोळे पुसायला लागले की म्हणते, "ते घरी जाऊन कर." चाळीस वर्षं गप्प बसलेली बाई ती. घाई नाही तिला. कुणी काय नेसलं होतं, कुणी पाणी दिलं, कुणी दिलं नाही, सगळं येतं त्यात. एका दुपारी जेमतेम एक दिवस सांगून होतो. आतापर्यंत आम्ही त्या शनिवारपर्यंत पोचलोय. त्या दिवशी ती दारापर्यंत येऊन परत गेली होती, हे मला आता कळलं. मी आत टाईप करत होते म्हणे. मान वर केली होती. तिच्याकडे बघितलं होतं. मला ते आठवत नाही.

पुढे रविवार आहे, तिचं लग्न ठरलं तो. तो ऐकायची मला भीती वाटते, आणि तिला ते कळलंय. म्हणून गेले दोन बुधवार ती मुद्दाम शनिवारच परत परत सांगतेय.